ओढ्यापलीकडच्या गायी

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थबकले आणि म्हणाले, "बादली अन् ब्रश आहे काय?"

मी त्यांना आणि काकूंना जेवायला बोलावलं होतं. टेक्ससमधल्या अर्विंगला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. आपल्या लोकांपैकी एक डॉक्टर आपल्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहतात असं कळल्यावर उत्साहाच्या भरात चार पदार्थ रांधून ठेवले होते. अशा वेळी पाहुणा दारात बादली मागतो म्हणजे काय? मी गोंधळून बाथरूममधली बादली आणून दिली. त्यांनी खिशातून एक बाटली काढली, पाण्यात दोन बुचं ओतली आणि कॉरिडॉरमध्ये उकिडवं बसून आधी स्वतःचे, मग काकूंचे बूट तळापासून टाचेपर्यंत घासले. मजलाभर दवाखान्याचा वास सुटला. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. काकू मात्र भिंतीला टेकून, एका पायावर, अगदी निवांत उभ्या होत्या.

"मुलीच्या लग्नातसुद्धा केलं होतं यांनी," त्या मला म्हणाल्या. "हॉलच्या दारात. व्याही बघत उभे."

"हिच्या घरात गाय नाही हे मला माहीत आहे," ते मान वर न करता म्हणाले. "पण सवय एकदा मोडली, की गाय असलेल्या घरीबी माणूस विसरतो."

ते गुरांचे डॉक्टर होते. हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या मंडळींत बऱ्याच जणांना ते वर्षानुवर्षं कळलेलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्ही एका शाळेचा हॉल घेतो. तिथे नवा आलेला कुणीतरी "जयभीम डॉक्टरकाका" म्हणून हात जोडायचा आणि पाच मिनिटांत गुडघेदुखीवर यायचा. काका गंभीर चेहऱ्याने सगळं ऐकून घेत. मग विचारत, "शेण कसं होतं?" समोरचा गडबडायचा. काका आणखी गंभीर होऊन म्हणत, "नाही, ते बघितल्याशिवाय मला काही सांगता येत नाही."

यात थट्टा अर्धीच होती. शेण हा त्यांचा खरोखरच जिव्हाळ्याचा विषय होता. एकदा त्यांना नात झाली. कार्यक्रमात सगळ्या बायकांनी फोटोचा आग्रह धरला म्हणून त्यांनी कौतुकाने फोन पुढे केला. नातीचा एक फोटो होता. पुढे बोट सरकवलं की शेण. पातळ, घट्ट, हिरवं, बुडबुडे आलेलं, शेजारी मोजपट्टी ठेवलेलं, सकाळच्या उन्हातलं, पंचवीस-तीस फोटो ओळीने. हातोहात फिरणारा फोन तिसऱ्या मावशींच्या हातात पोचला तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात खिरीची वाटी होती. काकूंनी त्या दिवसापासून नातीचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवले.

त्यांच्या धंद्याबद्दल आपल्यातच कुजबुज असायची. इथे आलेली माणसं कॉम्प्युटरमधली, औषध कंपन्यांमधली. कुणी प्रोफेसर, कुणी बँकेत. त्यात हा माणूस टेक्ससच्या रँचवर बुटभर चिखलात उभा राहतो, मेलेलं जनावर फाडून बघतो. एकांनी तर एकदा तोंडावरच विचारलं, "काका, ज्या कामातून आपले लोक बाहेर पडले, त्यातच तुम्ही परत कशाला गेलात?"

मला वाटलं आता वाजणार. काका शांतपणे म्हणाले, "माझे आजोबा गावची मेलेली गुरं ओढत होते. गावकीची कामं सोडा असा निरोप वस्तीत आला, त्या दिवशी आजोबांनी दोर विहिरीत फेकला. गावानं वर्षभर आमचं पाणी तोडलं, तरी परत उचलला नाही. आजोबा हुकमानं मेलेल्या जनावरापर्यंत जायचे. मी ते काहून मेलं हे विचारायला जातो. मला कोणी हुकूम करत नाही बाप्पा, लोक फोन करून वेळ मागतात."

मग जिलेबी पुढे ओढून म्हणाले, "घ्या. गार होईल." पण त्यांचा आवाज मला जरा ओला वाटला होता, आणि प्रश्न विचारणाऱ्याने मान खाली घातली होती.

आणखी एक प्रश्न त्यांना हमखास यायचा. ही गुरं शेवटी मांसासाठीच पाळलेली, मग त्यांच्या आजारपणाचं एवढं कौतुक कशाला? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्हीबी मरणारच आहात ना? मग शुगरची गोळी कशाला घेता?"

आजारांची त्यांनी दोन भागांत वाटणी केली होती: बोंब मारत येणारे आणि बिऱ्हाड करणारे. बोंब मारत येणाऱ्यांची त्यांना भीती नव्हती. ताप येतो, जनावर आडवं होतं, डॉक्टरला फोन जातो. बिऱ्हाड करणारा आजार मात्र वासरपणीच आत येतो आणि चार-पाच वर्षं चुलीचा धूरसुद्धा दिसू देत नाही. गाय चरते, रवंथ करते, गाभण राहते. फक्त दूध थोडं कमी देते, म्हणून तिचं वासरू थोडं हलकं भरतं. पुढच्या वर्षी ती गाभण राहायला उशीर लावते. मग एक दिवस पोटभर खाऊनही खंगायला लागते. "मारत नाही तो," काका म्हणायचे. "कळपाला पातळ करतो. अन् पातळ होणं लवकर दिसत नाही, कारण सगळंच पातळ होत असतं."

रँचवर गेले की ते पहिला अर्धा तास बोलत नसत. कुंपणाला हात टेकून गायींच्या मागच्या बाजूकडे बघत उभे राहायचे. मालक येऊन हवामानावर काही बोलला तर नुसतं "येस सर." त्याआधी बूट घासणं आलंच. गाडीच्या डिकीत तीन जोड्या बूट, दोन बादल्या. बाहेरच्या शेणाचा कण आत जाता कामा नये आणि आतला बाहेर येता कामा नये. एका रँचमालकाचा भाऊ चिखलाच्या बुटांनिशी थेट गव्हाणीत चढला, तर काकांनी त्या सहा फुटी माणसाला तीनदा फाटकापर्यंत परत पाठवलं होतं. दोनदा त्याने नीट घासले नव्हते म्हणून.

हे सगळं मला माहीत, कारण पुढे मी त्यांच्याबरोबर जायला लागले. त्याचं कारण रूथ.

रूथ अर्विंगपासून अडीच तासांवर एकटी रँच चालवायची. वय सत्तरीच्या आसपास, उंच, कमी बोलणारी. कळप तिच्या वडिलांनी उभा केलेला आणि तिने चाळीस वर्षं सांभाळलेला. काही वर्षांपासून तिची वासरं हलकी भरत होती. दूध तोडायच्या वेळी प्रत्येक वासराचं वजन करतात, आणि ते वजन दर वर्षी थोडं थोडं खाली चाललं होतं. डॅलसमधला मुलगा मागे लागला होता, की आई, आता विकून टाक सगळं. ती काकांना म्हणाली, "डॉक, मला कारण सांगा. कारण नसेल तर मी कळप विकते. पण असं नुसतं झिजत बघायला मी थांबणार नाही."

काकांना संशय बिऱ्हाडवाल्याचाच होता. पण संशयावर बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि कळपभर शेणाचा तपास महागडा, म्हणून आधी कुठून सुरुवात करायची ते शोधायचं होतं. रूथकडे लाल पुठ्ठ्याच्या छोट्या खिशातल्या वह्या होत्या, दर वर्षाची एक. कोणती गाय कधी व्याली, वासरू कसं, वजन किती, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. अशा चौदा वह्या काका एका रविवारी माझ्या डायनिंग टेबलावर ठेवून म्हणाले, "तू ऑफिसात हेच करते ना? आकड्यांची धुणीभांडी? मग एवढं माझं करून दे. एखादी गाय खंगली, तर तिच्या मुली, तिच्या जोडीच्या, कोणकोण खंगल्या याचा माग काढायचा आहे."

मी एका विमा कंपनीत डेटाचं काम करते. चौदा वह्या म्हणजे माझ्या दृष्टीने पोरखेळ. महिनाभर संध्याकाळी बसून मी सगळं भरलं, मग ऑफिसात शिकवलेल्या रीतीने साफ केलं, छान रंगीत आलेख काढले. मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं, ते कशाला लपवू? आलेखात कुठल्याही गायीचा माग निघाला नाही. सगळ्याच गायींची वासरं सारखीच, थोडी थोडी हलकी झाली होती.

"काका, डिसीज वाटत नाही," मी ठामपणे सांगितलं. "सगळ्यांवर सेम इफेक्ट आहे. गवताचा किंवा मिनरल्सचा प्रॉब्लेम असणार."

त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला. "सरासरी पुढाऱ्यासारखी असते," ते पुटपुटले. "सगळ्यांच्या वतीनं बोलते, अन् कोणाचंच सांगत नाही." पण माझ्या आत्मविश्वासापुढे त्यांनी मान डोलावली. रूथला सांगितलं, कुरण बदला, क्षारांच्या विटा बदला, एक वर्ष थांबून बघू. रूथने सगळं अक्षरशः केलं. विकणं वर्षभर पुढे ढकललं.

वर्षाने वासरं आणखी हलकी भरली. तीन गायी हाडावर आल्या. रूथचा फोन काकांना आला तेव्हा ती रागावलेली नव्हती म्हणे. फक्त एवढंच म्हणाली, की शरद ऋतूतल्या बाजारासाठी मी ट्रक सांगून ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी काका वह्या घेऊन आले. बूट घासले, टेबलाशी बसले, एक वही उघडून बोट ठेवलं.

"एकशे सात नंबर कुठं आहे तुझ्या यादीत?"

मी लॅपटॉपमध्ये शोधलं. "नाहीये. ती ड्रॉप केली असेन."

"काहून?"

"रेकॉर्ड इन्कम्प्लीट होतं, काका. शेवटच्या वर्षांचे आकडेच नव्हते. असे सगळे रेकॉर्ड्स काढूनच टाकतात, नाहीतर अ‍ॅनालिसिस बिघडतं."

"आकडे काहून नव्हते?"

"विकली ना तिला. मग पुढचे आकडे कुठून येणार?"

"अन् विकली काहून?"

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. रूथच्या बारीक अक्षरात दोन शब्द होते. खंगली, विकली. त्यांनी दुसरी वही उघडली. एकशे तेहतीस, खंगली, विकली. तिसरी वही. मी एकेक नंबर लॅपटॉपमध्ये शोधत होते आणि एकही सापडत नव्हता. आजारी पडली ती गाय विकली गेली, विकली गेली म्हणून तिचं रेकॉर्ड अर्धवट राहिलं, आणि अर्धवट राहिलं म्हणून मी ते केराच्या टोपलीत टाकलं. उरलेल्या गायी मोजून मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की कुणी आजारी नाही.

मला वाटलं आता हा माणूस जे बोलेल ते मी मुकाट्याने ऐकून घेईन.

ते रागावले नाहीत. वही मिटली आणि भलतंच सांगायला लागले. "मी लहान होतो तेव्हा गावात देवीची लस टोचायला एक माणूस यायचा. पारापासून सुरुवात करायचा, ओढ्यापर्यंत यायचा, अन् परत फिरायचा. ओढ्यापलीकडं आमची वस्ती. कागदावर लिहून जायचा, गावात सगळ्यांना टोचलं, देवीचा रोगी नाही. खोटं नव्हतं बाप्पा ते. त्यानं जेवढे मोजले तेवढ्यांत नव्हताच. माझी धाकटी बहीण त्याच साली गेली."

मीही वस्तीतलीच. माझ्या आजीच्या तोंडून असल्या गोष्टी ऐकत मोठी झाले, आणि अर्विंगच्या डायनिंग टेबलावर बसून मीही ओढ्यापासूनच परत फिरले होते. मला रडू कोसळलं. काकांनी जरा वेळ रडू दिलं, मग टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

"रडून राहिली काहून? चूक माझी आहे. तू आलेख दिला, मी वही न बघता मान डोलावली. डॉक्टर मी आहे, तू नाही." मग खुर्ची ओढून म्हणाले, "चहा टाक. अन् ओढ्यापलीकडच्या घे आता एकेक."

आम्ही चार दिवस बसलो. ते वाचत, मी भरत असे. विकलेल्या गायी यादीत आल्याबरोबर माग लख्ख दिसायला लागला. खंगलेल्या जवळजवळ सगळ्या गायींच्या नंबरापुढे, त्या वासरं असतानाच्या वहीत, एकच नोंद होती. मेबलजवळ ठेवली.

मेबल ही त्या कळपातली नाव असलेली एकमेव गाय. बाकी सगळ्यांच्या कानात नंबरांचे बिल्ले. मेबलची ख्याती अशी, की कुणाचंही वासरू लावा, ती पान्हा चोरायची नाही. आई मेलेलं, आईने टाकलेलं, जुळ्यातलं दुसरं, अशी सगळी पोरकी वासरं रूथ घराशेजारच्या छोट्या कुंपणात मेबलच्या हवाली करायची. पहिलटकरणी कालवडीसुद्धा बाळंतपणाला तिथेच आणायची, घराजवळ लक्ष राहतं म्हणून. म्हणजे कळपातली सगळ्यात नाजूक वासरं मेबलच्या दुधावर आणि मेबलच्या शेणात वाढत होती.

शनिवारी काका मला घेऊन रूथकडे निघाले. फाटकाशी उतरून त्यांनी बूट घासले, मग माझे घासले. रूथ ओसरीत उभी होती. काकांनी टोपी काढली.

"मॅडम, मागच्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमचं एक वर्ष माझ्यामुळं गेलं. त्या वर्षात काही वासरांना आजार लागला असेल, तोही माझ्यामुळं."

"चूक माझी होती," मी घाईने म्हटलं. "रेकॉर्ड्स मी काढून टाकले होते."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प झाले. रूथने आम्हा दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. "माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत एकदाही असं म्हटलं नाही," ती म्हणाली. "कॉफी कुणाला हवी आहे?"

कॉफी पिताना काकांनी मेबलचं सांगितलं. ती खिडकीतून त्या छोट्या कुंपणाकडे बघायला लागली. मेबल तिथेच उभी होती, म्हातारी, जराशी बारीक, पण म्हाताऱ्या गायी असतात तेवढीच. एक काळं वासरू तिला ढुशा देत होतं.

"ती माझी सगळ्यात चांगली आई आहे," रूथ म्हणाली. "मी तिच्याकडे ठेवून वासरं वाचवली, डॉक."

"वाचवलीच तुम्ही," काका म्हणाले. "तुम्ही नसती ठेवली तर ती वासरं त्याच आठवड्यात मेली असती. यात तुमचा गुन्हा नाही अन् तिचाबी नाही. तिलाही हे कोणाकडून तरी लहानपणीच मिळालं असणार."

नंतर माझ्या लक्षात आलं, की त्यांनी हे इंग्रजीत म्हटलं होतं. मला मात्र ते मराठीतच ऐकू आल्यासारखं आठवतं.

शेणाचा तपास यायला काही आठवडे लागले. संशय खरा ठरला. मेबलच्या शेणात जंतू खच्चून भरले होते, आणि आणखी काही गायींच्या शेणातही थोडे थोडे सापडले. या आजाराला औषध नाही. मेबलला ट्रकमध्ये चढवायला रूथ तयार नव्हती. तेव्हा काकांनी तिथेच, त्याच कुंपणात, तिच्या कपाळावर हात ठेवून तिला इंजेक्शन दिलं. मग बाह्या सारून स्वतः तिला उघडलं. मी लांब उभी होते. रूथ जवळ गेली. निरोगी आतडं पातळ असतं, हात लावला तर पलीकडचं बोट दिसावं असं. मेबलचं आतडं जुन्या गोधडीसारखं जाड झालं होतं आणि त्याला घड्या पडल्या होत्या.

"म्हणजे ती खात होती, पण तिला लागत नव्हतं," रूथ म्हणाली.

"अन् तरी दूध देत होती," काका म्हणाले.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्यांना पाहिलं. नळाखाली हात धरून ते नुसतेच उभे होते. विहिरीत दोर फेकणाऱ्या माणसाचा नातू एका मेलेल्या गायीसाठी टेक्ससमध्ये डोळे पुसत होता, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तो आजही तसाच आहे.

रूथने ट्रक रद्द केले. काकांनी तिला कागदावर चारच ओळी लिहून दिल्या. ते छोटं कुंपण कायमचं बंद. बाळंतपणं स्वच्छ गवतावर. दर वर्षी प्रत्येक गायीच्या शेणाचा तपास, आणि जिच्यात सापडेल ती थेट कत्तलखान्यात, दुसऱ्या कुणाच्या कळपात कधीच नाही. पोरक्या वासराला बाटलीने पावडरचं दूध, ते रूथने स्वतः पाजायचं. "किती वर्षं?" तिने विचारलं. "माझे गुडघे टिकतील त्याहून जास्त," काका म्हणाले.

गुडघे पाच वर्षं टिकले. मग काका-काकू मुलीकडे, दूर उत्तरेतल्या ईडन प्रेरीला गेले. जाताना त्यांनी मला बुटांची एक जोडी, एक बादली आणि ब्रश दिला. अर्विंगच्या मंडळींनी निरोपसमारंभात शाल दिली. काकांनी ती घेतली आणि हळूच मला विचारलं, "ही गरम पाण्यात धुता येते काय?"

तेव्हापासून वर्षातून एकदा, वासरांचं दूध तोडायच्या दिवसांत, मी सुट्टी टाकून रूथकडे जाते. तिथूनच काकांना फोन लावते आणि आकडे वाचून दाखवते. फोनवर त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी बूट घासले का. मग वजनं. मग तपास. आणि शेवटी, कधीही न चुकता, "आता ओढ्यापलीकडचं सांग." म्हणजे या वर्षी खंगली म्हणून किंवा तपासात सापडली म्हणून कळपातून गेलेल्या गायी. पहिल्या वर्षी अकरा होत्या. प्रत्येकीचा नंबर, वय, कुणाची मुलगी, कुठे वाढली, हे सगळं त्यांना ऐकायचं असायचं. एकही गाळलेली चालायची नाही. नंतरच्या वर्षी सात, मग चार, मग पुन्हा पाच. त्या वर्षी मी फोनवर रडवेली झाले होते. काका म्हणाले, "बिऱ्हाड आहे ते. नोटीस दिली म्हणून लगेच खाली होत नाही."

या वर्षी गेले तेव्हा रूथ काठी घेऊन चालत होती, पण वही तिच्याच हातात होती. आम्ही दोघी ओसरीत बसलो. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडे बर्फ पडलं होतं, काका नुकतेच बाहेरून आले होते. मागे काकूंचा आवाज येत होता, "दार लावा आधी!"

"बूट घासले?"

"घासले, काका."

"तळ?"

"तळसुद्धा."

मी वजनं वाचली. मेबलच्या आधीच्या, रूथच्या जुन्या वह्यांतल्या वजनांशी ती आता येऊन टेकली होती. काका नुसतं हुं हुं करत होते. मग तपास वाचला. प्रत्येक गायीपुढे एकच शब्द होता, तो मी प्रत्येक वेळी पूर्ण उच्चारला. निगेटिव्ह. निगेटिव्ह. मला वाटलं आता तरी हा माणूस शाबास म्हणेल.

"एका वर्षानं काही होत नाही," ते म्हणाले. "अन् ओढ्यापलीकडचं?"

मी वहीचं शेवटचं पान उलटलं. ते मी आधीच पाहिलेलं होतं. तरी पुन्हा पाहिलं.

"या वर्षी ओढ्यापलीकडं कुणी नाही, काका."

रूथला मराठी कळत नाही, पण तीही पुढे वाकून फोनकडे बघत होती.

"पुन्हा बघ," काका म्हणाले.

"तीनदा बघितलंय. वही उघडी आहे समोर. रूथ शेजारीच आहे. कुणी नाही."

"एकबी नाही?"

"एकही नाही."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग नेहमीचा, कुरकुरा आवाज. "बरं. ठेव फोन. माझे बूट घासायचे राहिलेत."